सेकंद सर

नवा माणूस भेटला की सेकंद सर त्याला गाव विचारायचे, पण नुसत्या नावानं त्यांचं समाधान व्हायचं नाही. शिरूरच्या कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवायला रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये मला त्याचा अनुभव आला. मी दौंडची, असं सांगितलं. समोरच्या खुर्चीतल्या उंच, काळ्यासावळ्या गृहस्थांनी मान हलवली.

"दौंड. म्हंजी अठरा अंश अठ्ठावीस मिनिटं. सेकंद किती?"

मी गोंधळले. बाकीची मंडळी चहाच्या कपात तोंड घालून हसत होती.

"घर स्टेशनच्या अलीकडं का पलीकडं?" त्यांनी सोपं करून विचारलं.

"पलीकडे. रेल्वे क्वार्टर्सच्या मागे."

"मंग तसं सांगावं, बाई. नुसतं मिनिटावर सोडलं तर माणूस दीड-दोन किलोमीटर इकडंतिकडं व्हतोय."

हे भूगोलाचे प्राध्यापक. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. मुलं, शिपाई, प्राचार्य, सगळे त्यांना सेकंद सर म्हणत आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. उलट कुणी चिडवलंच तर ते शांतपणे समजावून सांगत, "एक सेकंद म्हंजी तीस मीटर. तीस मीटरात आमच्यातली अख्खी वस्ती बसती, मेंढरांसकट. तेवढं सोडून द्यायचं का?"

त्यांचे वडील मेंढपाळ. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचे आणि पाऊस जवळ आला की देशावर परतायचे. सर प्राथमिक शाळेत असताना या कुटुंबानं शिरूर तालुक्याच्या दक्षिण टोकाला, भीमेच्या काठावर थोडी जमीन केली आणि तिथंच वस्ती करून ते स्थिरावले. धाकटे भाऊ शेती बघायचे. त्यांना सगळे आप्पा म्हणत. सर शिकले, शिरूरला नोकरीला लागले, पण चालण्याचं वेड काही गेलं नाही. "आमच्या बापाला किलोमीटर ठावं न्हवतं," ते सांगायचे. "पानी किती लांब, एवढंच त्याला कळायचं. पानी दोन इसाव्यांवर, पानी एका मुक्कामावर. मी भूगोलात एमए केलं, पन त्याच्यापरीस चांगलं अंतर मला अजून मोजता येईना."

ते वर्गातही असंच बोलायचे. स्टाफरूममधल्या बऱ्याच जणांना त्याची लाज वाटायची. यात मीही होते, हे आता लिहिते, तेव्हा कधी कुणाला सांगितलं नाही. एकदा एका चर्चासत्रात त्यांनी निबंध वाचला. अध्यक्षस्थानी असलेल्या विद्वानांनी निबंधावर एक शब्दही न बोलता "भाषा थोडी सुधारा" एवढा शेरा मारला. परतीच्या एसटीत मी त्यांना विचारलं, वाईट वाटलं का. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्यांनी नकाशा उलटा धरला व्हता, बाई. मी मुद्दाम सांगितलं न्हाई."

त्यांचा विषय साधा होता. शिरूर आणि दौंड तालुक्यातली माणसं कुठून कुठं जातात, आणि का. आठवडे बाजाराला कुठं जातात, दवाखान्याला कुठं, कॉलेजला कुठं. रांजणगावच्या कंपन्यांच्या बसमध्ये कोणत्या फाट्यावर किती जण चढतात, कुरकुंभच्या केमिकलमध्ये पाळीला कोण सायकलवर जातं आणि कोण रेल्वेनं. वर्षानुवर्षं रविवारी आणि सुट्टीत त्यांची जुनी स्कूटर कुठल्या ना कुठल्या बाजाराबाहेर उभी असायची. झाडाखाली बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला तीन प्रश्न विचारत. कुठून आलात, कशानं आलात, किती वेळ लागला. उत्तरं लांबट वह्यांमध्ये उतरत. लोकांना मजा वाटायची. म्हाताऱ्या बायका तर वाणसामानाची पिशवी खाली ठेवून घरापासूनची सगळी हकीकत सांगायच्या आणि सर ती लिहून घ्यायचे. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मधला, असं ते म्हणायचे. "कशानं आलात, हे इचारल्याबिगर कुठून आलात ह्याला अर्थ न्हाई."

यातून त्यांना एक मॉडेल बांधायचं होतं. एका गावातून दुसऱ्या गावाला किती माणसं जातील याचा अंदाज काढायचा, तर गाव किती मोठं, तिथला बाजार किती मोठा आणि दोन्हींमधलं अंतर किती, हे तिन्ही लागतं. "मोठा बाजार माणसाला वढतो आन् अंतर त्याला मागं वढतं," एवढंच ते मुलांना सांगायचे. त्या अंतरासाठी प्रत्येक गावाचं नेमकं ठिकाण हवं, अक्षांश-रेखांशात. ते कुणाकडेच नव्हतं. सरकारी नकाशे जुने होते. त्यात निम्म्या वस्त्या नव्हत्या, सरांची स्वतःचीसुद्धा.

मग त्यांनी हातात धरायचं जीपीएस यंत्र मिळवलं. त्या काळी तालुक्यात ते कुणी पाहिलेलं नव्हतं. ते घेऊन ते गावोगाव उभे राहायचे. गावाचा बिंदू कोणता धरायचा, हाही त्यांच्यापुढचा प्रश्न होता. सरकारी यादीत ग्रामपंचायतीचं ऑफिस धरलेलं असायचं. सरांना ते मान्य नव्हतं. "माणूस ऑफिसातनं निघतो का बाजाराला? जिथं उभा ऱ्हाऊन गाडीला हात करतो, तितनं निघतो." म्हणून ते एसटीच्या थांब्यावर उभे राहत, वस्तीच्या वाटेच्या तोंडाशी उभे राहत. या यंत्राच्या आकड्यांत तेव्हा उपग्रहवाल्या परदेशी लष्करानं मुद्दाम घातलेली चूक असायची. एकाच जागी उभं राहिलं तरी आकडा शंभर-शंभर मीटर भटकायचा. सर उन्हात तासभर थांबून दर पाच मिनिटांनी आकडा टिपायचे आणि सरासरी काढायचे. मग दोन हजार साली ती चूक काढून टाकल्याची बातमी आली. बाकी कुणीही म्हटलं असतं, चला, यापुढचं काम सोपं झालं. सरांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या वह्या बाजूला ठेवल्या आणि पहिल्या गावापासून मोजायला पुन्हा सुरुवात केली. दोन वर्षं लागली त्यांना.

कॉलेजात कॉम्प्युटरची खोली झाली तेव्हा मी या कामात आले. पुण्याहून एका मैत्रिणीनं संख्याशास्त्राचं एक पॅकेज सीडीवर आणून दिलं होतं. सरांना कॉम्प्युटरचा माऊस धरतानासुद्धा अवघडल्यासारखं व्हायचं. ते वहीतून वाचायचे, मी भरायचे. पहिल्याच आठवड्यात मी घोळ घातला. अठरा अंश सव्वीस मिनिटं म्हणजे पॅकेजच्या दशांशात अठरा पॉइंट सव्वीस नव्हे. मिनिटांना साठानं भागायचं, मग अठरा पॉइंट त्रेचाळीस येतं. हे मला, संख्याशास्त्राच्या प्राध्यापिकेला, सुचलं नाही. मी सगळी गावं तशीच ठोकली. पॅकेजनं कुरकुर न करता सगळं घेतलं आणि नकाशा काढून दिला. सर पडद्याजवळ वाकले, बराच वेळ बघत राहिले.

"बाई, तुमचं वरवंड जेजुरीच्या वाटंला लागलंय."

खरंच लागलं होतं. सोलापूर रस्त्यावरचं वरवंड नैऋत्येला निघून गेलं होतं, आणि त्याच्या मागोमाग अर्धा तालुका. सर हसले नाहीत. त्यांनी मला साठ मिनिटांचा अंश लहान मुलाला शिकवावा तसा शिकवला आणि आम्ही सगळं पुन्हा भरलं. पुढे आणखी एक खोच निघाली. पॅकेजला नीट सांगितलं नाही तर ते अंश म्हणजे फूटपट्टीवरचे साधे आकडे समजतं. पण आपल्या भागात उत्तर-दक्षिण एक अंश एकशे अकरा किलोमीटर भरतो आणि पूर्व-पश्चिम एकशे पाच. मी पृथ्वीची गोलाई धरून दोन बिंदूंमधलं अंतर काढणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. सरांनी पन्नास जोड्या हातानं तपासल्या. बरोबर आल्या. त्यांनी मला कॅन्टीनमध्ये नेऊन मिसळ खाऊ घातली. मला त्या प्रोग्रॅमचा फार अभिमान वाटायचा.

मॉडेल चांगलं बसलं, फक्त एक जागा सोडून. सरांच्या वस्तीवरून भीमेच्या पलीकडच्या गावात बरीच माणसं जायला हवीत, असं मॉडेल म्हणत होतं. वहीत जवळपास शून्य होतं. मी म्हटलं, "ही एक नोंद वेगळी पडतेय सर, काढून टाकू या. बाकी सगळं सुरेख जमतंय."

रविवारी सरांनी मला वस्तीवर नेलं. आप्पांच्या घरी भाकरी, पिठलं आणि ठेचा झाला. आप्पांच्या सुनेनं, सुरेखानं, आग्रहानं वाढलं. नुकतीच लग्न होऊन आलेली, हसऱ्या तोंडाची मुलगी. मग सर मला काठावर घेऊन गेले. पावसाळा संपत आला होता, पाणी दोन्ही थड्या भरून वाहत होतं. पलीकडच्या गावातलं आरोग्य केंद्र इथून स्पष्ट दिसत होतं, भिंतीवरची लाल खूणसुद्धा.

"किती आलं तुमच्या प्रोग्रॅममधी?"

"दोन किलोमीटर आणि शंभर मीटर."

"बरोबर हाय. आता जा."

होडी फक्त उन्हाळ्यात चालायची. रस्त्यानं जायचं तर पूल गाठण्यासाठी चौतीस किलोमीटरचा वळसा. वाहन मिळालं तर दीड तास.

"आकडा खोटा न्हाई, बाई," सर म्हणाले. "आकड्याला नदी ठावं न्हाई, एवढंच."

त्या दिवसापासून आम्ही दुसरी फाईल तयार केली. प्रत्येक जोडीला रस्त्याचं अंतर, लागणारा वेळ आणि वाहन. सगळं वह्यांमधून, लोकांनी सांगितलेलं. सरांच्या दृष्टीनं खरं काम ते होतं.

मग एक दिवस प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं. दोन तालुक्यांतल्या आरोग्य उपकेंद्रांची फेरमांडणी करायची योजना निघाली होती. जवळजवळची केंद्रं एकत्र करायची, नवी कुठं हवीत ते ठरवायचं. पुण्यातल्या एका सल्लागार संस्थेकडे काम होतं. तिचं नाव इथं घेत नाही. घेतलं तरी तिथले लोक आता दुसऱ्या नावानं दुसरीकडे बसलेले असतील. त्यांना गावागावांचे अक्षांश-रेखांश हवे होते आणि दोन तालुक्यांत ते फक्त सेकंद सरांकडे होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी त्यांच्या कामाची मागणी केली होती. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला, दोन्ही फायली सीडीवर घेतल्या आणि स्वतः पुण्याला जाऊन देऊन आले. आल्यावर म्हणाले, "चांगली माणसं हायती. चहा पाजला. दुसऱ्या फायलीबद्दल मी दोन डाव सांगितलं."

पंधरा दिवसांनी त्या संस्थेतून मला फोन आला. बोलणारा तरुण माणूस इंग्रजीत बोलत होता आणि मला डॉक्टर म्हणत होता, मी तेव्हा डॉक्टर नसतानाही. अंतरं काढायचा माझा प्रोग्रॅम त्यांना हवा होता. अहवालात तांत्रिक सहकार्य म्हणून माझं नाव जाईल, म्हणाला. मी तो लगेच पाठवला. त्यांनी तो चालवून काढलेला तक्ता माझ्याकडे आला, तपासून सही करण्यासाठी. मी ओळीनं काही जोड्या तपासल्या. त्यात वस्ती आणि पलीकडच्या गावाची जोडी होती. दोन पॉइंट एक. मी विचारलं, रस्त्याची फाईल वापरणार ना. तो म्हणाला, ती माहिती लोकांना विचारून घेतलेली आहे, मोजलेली नाही, त्यामुळे मॉडेलमध्ये घेता येत नाही. पण टीप म्हणून देऊ. मला तेवढं पुरलं. मी तक्त्याखाली लिहिलं, "अंतरे तपासली. बरोबर आहेत." आणि सही केली. सरांना सांगायचं राहून गेलं असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. राहून गेलं नव्हतं. त्यांनी मला त्या नदीवर उभं केलं असतं, म्हणून मी सांगितलं नाही.

टीप अहवालात कुठेच नव्हती.

वस्तीवर एक उपकेंद्र होतं. दोन खोल्या, एक सिस्टर, औषधाचं कपाट. आसपासच्या पाच-सहा वस्त्यांतली बाळंतपणं तिच्या हातून व्हायची. अहवालाप्रमाणे ते नदीपलीकडच्या केंद्रात विलीन झालं. तालुक्याची हद्दसुद्धा त्यांनी ओलांडली. हद्दीपेक्षा अंतर महत्त्वाचं, असं कारण दिलं होतं. सरांना कळलं ते सिस्टरचं कपाट टेम्पोत चढलं तेव्हा. त्यांनी अहवाल मागवला. पहिल्याच पानावर आभार होते. गावांच्या स्थानांची माहिती देणारे म्हणून सरांचं पूर्ण नाव, पदवीसकट, ठळक अक्षरात.

ते लगेच पुण्याला गेले. मला बरोबर चला म्हणाले नाहीत, मीही निघाले नाही. काय झालं ते त्यांनी आल्यावर दोन वाक्यांत सांगितलं. साहेबांनी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून दाखवलं, किती जवळ आहे ते. "मी इचारलं, साहेब, कशानं जायाचं? तर म्हनले, ते आमच्या मॉडेलमधी येत न्हाई." मग त्यांनी अर्ज दिला, माझं नाव अहवालातून काढा. नाव काढलं नाही, अर्जाला उत्तरही आलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात सुरेखाचे दिवस भरले. धरणातून पाणी सोडलं होतं, काठावरची वाट बुडाली होती. सकाळी कळा सुरू झाल्यावर आप्पांनी जीप मिळवली आणि वळशाच्या रस्त्यानं निघाले. निम्म्या रस्त्यात, एका फाट्यावर, जीपमध्येच बाळंतपण झालं. सुरेखा वाचली. मुलगा रडलाच नाही.

सर दुसऱ्या दिवशी वस्तीवर गेले. आप्पा ओट्यावर बसले होते. भावाला बघून उठले नाहीत.

"तूच मापून दिलंस न्हवं, दादा," ते म्हणाले. "त्या यंत्रानं. उन्हात उभा ऱ्हाऊन."

वस्ती सगळी ऐकत होती. सरांनी काही सांगायचा प्रयत्न केला असेल का, मला माहीत नाही. मला हे सगळं दुसऱ्याच माणसाकडून कळलं. एवढं नक्की, की दुसरी फाईल, पुण्याचं ऑफिस, मॉडेल, हे त्या ओट्यावर कुणाला समजावून सांगता येण्यासारखं नव्हतं. आणि माझ्या सहीचा विषय तर त्यांनी काढणं शक्यच नव्हतं, कारण त्यांना ती अजून ठाऊक नव्हती.

बातमी पसरली. नंतरच्या सुट्टीत सर नेहमीप्रमाणे एका बाजाराबाहेर वही घेऊन बसले. ज्या म्हाताऱ्या थांबून घरची हकीकत सांगायच्या, त्यांतली एक समोरून जाताना म्हणाली, "आता आनिक काय मापायचं ऱ्हायलं, मास्तर?" आणि पुढं गेली. दुसऱ्यांनीही बगल दिली. दुपारपर्यंत बसून सर कोरी वही घेऊन परत आले. माणसं उत्तर देत होती म्हणून त्यांचं काम चाललं होतं. ते त्या दिवशी संपलं.

अहवालाची सगळी परिशिष्टं त्यांच्या हाती आली ती याच्यानंतर, दोन-तीन महिन्यांनी. ते कॉम्प्युटरच्या खोलीत आले, माझ्यासमोर एक पान ठेवलं आणि बसले. तक्ता होता, खाली माझं अक्षर.

"सही तुमची हाय."

"हो."

मी काही तरी बोलायला लागले, फोनबद्दल, टिपेबद्दल. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"अंतर मी बी परत तपासलं. बरोबर हाय. तुम्ही खोटं काय लिव्हलं न्हाई, बाई."

एवढं बोलून त्यांनी पान घडी करून खिशात घातलं. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते कधीच ओरडले नाहीत. त्यानंतरही रोज भेटायचे, नमस्कार करायचे, माझ्या मुलीचं विचारायचे. पण त्या खोलीत त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही, आणि कामाचा शब्द माझ्याशी कधी काढला नाही. याच कामावरचा त्यांचा पीएचडीचा प्रबंध अर्धा लिहून झाला होता, तो त्यांनी सादर केला नाही. प्राचार्यांनी विचारलं तर म्हणाले, माहिती अपुरी हाय. मी मात्र माझा प्रबंध पुरा केला. त्या पॅकेजवर, त्या प्रोग्रॅमवर, दुसऱ्या तालुक्यांची माहिती घेऊन. डॉक्टर झाले. पदवी मिळाली त्या दिवशी सरांनी हाराऐवजी मला पेढ्यांचा पुडा दिला आणि "चांगलं झालं" म्हणाले. त्यात टोमणा होता का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. बहुतेक नव्हता. तेच जास्त बोचतं.

निवृत्तीनंतर ते शिरूरच्या घरी एकटेच राहिले. पत्नी आधीच गेली होती, मुलगा नोकरीनिमित्त लांब. वस्तीवर त्यांचं फारसं जाणं-येणं नव्हतं. सणाला जायचे म्हणे, काठावर थोडा वेळ बसून परत यायचे, घरात शिरायचे नाहीत. मी दोनदा भेटायला गेले. पहिल्या वेळी त्यांनी चहा केला आणि परीक्षांबद्दल, नव्या अभ्यासक्रमाबद्दल बोलत राहिले. दुसऱ्या वेळी दाराला कुलूप होतं. तिसऱ्या वेळी जायचं मी पुढं ढकलत राहिले, आणि एक दिवस कॉलेजच्या फळ्यावर दोन ओळी दिसल्या.

दहावा वस्तीखालच्या काठावर होता. मी गेले. कॉलेजातून मी एकटीच होते. बाकीच्यांना परीक्षेची ड्यूटी होती किंवा तसं सांगायला बरं होतं. कावळा लगेच शिवला. विधी उरकल्यावर पंगती बसल्या. मी निघायच्या बेतात होते, तेवढ्यात आप्पा जवळ आले. फार थकले होते. डोक्यावरचे केस काढलेले.

"तुम्ही त्या काँप्युटरच्या बाई न्हवं? दादा तुम्हाला घेऊन आलता एकदा."

"हो."

"बसा." मला त्यांनी लिंबाखालच्या खाटेवर बसवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसले. "दादाच्या वह्या तुम्ही न्यायला आला असाल तर त्या न्हाईत. गेल्या साली त्यानं समद्या रद्दीला घातल्या. आम्हाला मागाहून कळलं."

मी म्हटलं, मी वह्यांसाठी आले नाही.

ते जमिनीवर काडीनं रेघा मारायला लागले. मग खाली बघूनच बोलले. "मी त्याच्याशी पुन्हा बोललोच न्हाई, बाई. सनाला यायचा, तिथं दगडावर बसायचा. मी हितनं बघायचो. बोलायचं व्हतं. पुढच्या सनाला बोलू, असं करता करता ऱ्हायलं." त्यांनी काडी टाकली. "तुम्ही शिकलेल्या हाय. त्याच्याबरूबर काम केलंय. एकच सांगा. चूक त्याची व्हती का?"

"नाही," मी म्हणाले. "त्यांनी नदीचं सगळं लिहून दिलं होतं. वळशाचं, होडीचं, सगळं. दोनदा सांगितलं होतं."

"मंग?"

माझ्यापुढे पुष्कळ उत्तरं होती. ती संस्था होती, ते साहेब होते, योजना होती. त्यांतलं कुठलंही खोटं ठरलं नसतं. मी खूप वर्षं अशी खोटी न ठरणारी वाक्यं बोलत आले होते.

"त्या अंतरावर सही माझी होती," मी म्हणाले. "मला नदी माहीत होती. तुमच्या घरी जेवून मी ती बघितली होती. तरी सही केली. सरांना हे माहीत होतं. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही."

आप्पांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे, मग परत माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मी तो घ्यायला तयार होते. पण तिथं दुसरंच काही तरी होतं. माझ्यावर रागावण्याआधी ते भावाला आठवत होते बहुतेक. शेवटी ते हाताचा आधार घेऊन उठले आणि पंगतीच्या दिशेनं वळून त्यांनी हाक मारली.

"सुरेखा, बाईंना पानी आन."

ती आली. आता भरल्या अंगाची झाली होती, कपाळावर दोन-चार पांढरे केस. तिनं मला ओळखलं, पदर सावरला आणि तांब्या पुढे केला. मी तो दोन्ही हातांनी घेतला आणि सगळा संपवला.

"एवढ्या लांबनं आलाय," ती म्हणाली. "तशाच नका जाऊ. पान वाढते."

आप्पा पाठ करून उभे होते. मी पंगतीत जाऊन बसले, आणि तिनं वाढलेलं सगळं खाल्लं.